अंगठ्याखालची ओळ

गावात मला पाठीमागे 'तळटीपबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पण माझे कान तिखट आहेत. पाउली मान्नाच्या पालिकेत चौतीस वर्षं मी एकाच खिडकीमागे बसले. जन्माचे दाखले, लग्नाचे, मरणाचे, मेंढरांचे, विहिरींचे, गावातला झाडून सगळा कागद माझ्या हाताखालून गेला. कुणी अर्ज पुढे सरकवला की मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचे आणि विचारायचे, "शेवटची ओळ वाचलीत?" कुणीच वाचलेली नसायची. मग मी अर्ज तसाच परत ढकलायचे. "घरी जा, वाचा, मग या." एका बिचाऱ्या विधुराला बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी तीन हेलपाटे घालायला लावले होते. कारण काय, तर तळाला 'सही निळ्या शाईने करावी' असं छापलेलं होतं आणि त्याने काळ्या शाईने केली होती. तिसऱ्या खेपेला तो रडला. मला वाटलं, बायकोच्या आठवणीने रडतोय.

हे सगळं सांगायचं कारण असं की साठी उलटल्यावर माझ्या स्वतःच्या रक्ताचा कागद माझ्या हातात आला आणि त्याची शेवटची ओळ मी वाचली नाही. नुसती वाचली नाही एवढंच असतं तर एकवेळ सोडून देता आलं असतं. त्या ओळीवर अंगठा ठेवून मी कागदाचा फोटो काढला आणि पोटुशी लेकीला पाठवून दिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते बहुतेक माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असावं.

पण आधी बाकल्याचं सांगायला हवं, आणि माझ्या भावाचं.

बोबोरे पाच वर्षांचा असताना एका एप्रिलमध्ये शेजारच्या शेतात शिरला आणि त्याने ओंजळभर हिरवा बाकला कच्चाच खाल्ला. जाड शेंगा, अंगठ्याएवढे दाणे, आमच्या सार्डिनियात वसंत ऋतूत सगळेच ते शेंगेतून काढून तसेच तोंडात टाकतात. दुसऱ्या दिवशी पोरगं लिंबासारखं पिवळं झालं आणि त्याची लघवी काळ्या वाईनच्या रंगाची. वडिलांनी रक्त दिलं, आईने सगळ्या संतांना नवस बोलले, आणि तो वाचला. डॉक्टर म्हणाले, मुलगा 'फाविको' आहे. म्हणजे याच्या तांबड्या पेशींत तग धरायला लागणारं एक द्रव्य जन्मतःच कमी, बाकला पोटात गेला की पेशी पटापट फुटतात. गावात आठ-दहा घरांमागे असा एक मुलगा असायचाच. हा बाप्यांचा रोग, असं आम्ही सगळे धरून चाललेलो. बायका तो पोरांना देतात आणि स्वतः ठणठणीत राहतात. त्यात मी वडिलांवर गेलेली. नाक त्यांचं, आवाज त्यांचा, म्हणजे रक्तही त्यांचंच असणार. वैद्यकशास्त्राचा माझा अभ्यास एवढाच.

मी नोकरीला लागले त्या वर्षी आई मेयरकडे गेली. बोबोरे तेव्हा सत्तावीस वर्षांचा घोडा होता, पण आईला बाकल्याच्या फुलांच्या वासाचीसुद्धा धास्ती वाटायची. मेयरने हुकूम काढला आणि तो मीच टाइप केला, माझा पहिलावहिला सरकारी कागद. साल्वातोरे झेद्दा, म्हणजे आमचा बोबोरे, याच्या घरापासून तीनशे मीटरच्या आत कुणीही बाकला पेरू नये. तळाला शेवटची ओळ: सदर इसम त्या घरात राहतो आहे तोपर्यंतच हा हुकूम लागू.

आमच्या मागच्या भिंतीपासून चाळीस मीटरवर त्सिऊ पेप्पी ओन्निसचं, म्हणजे पेप्पीकाकाचं, शेत. गावातला सगळ्यात गोड बाकला त्याचा. बोबोरेने लहानपणी हात मारला होता तोही त्याच शेतात. हुकूम निघाल्यावर त्सिऊ पेप्पीने सगळा बाकला उपटला आणि आर्टिचोक लावले, ती काटेरी बोंडांची भाजी. "रोज आंतिओकाकडे बघतो ना, म्हणून काटेरीच काहीतरी सुचलं," असं तो बारमध्ये म्हणाला. आंतिओका म्हणजे मी. हेही मला ऐकू आलं.

पुढच्याच वर्षी बोबोरे जेनोवाला गेला, बंदरात कामाला. 'सहा महिने फक्त,' म्हणाला. तिकडेच लग्न केलं, तिकडेच रमला. एका नाताळला आला आणि मग एकदम आईच्या मातीला. हुकूम मात्र जागच्या जागी राहिला. तो रद्द करायचा अर्ज ज्या खिडकीत द्यायचा त्या खिडकीत मी बसलेली, आणि मला कधी वेळच मिळाला नाही. चौतीस वर्षं वेळ मिळाला नाही म्हणजे बघा मी किती कामात असेन.

दर ऑक्टोबरला, पेरणीच्या तोंडावर, त्सिऊ पेप्पी खिडकीशी यायचा. टोपी काढून हातात घ्यायचा.

"आंतिओका, बोबोरे कधी येतोय?"

"येईल कधीही. हुकूम तो हुकूम, त्सिऊ पेप्पी."

"बरं," म्हणायचा, टोपी घालायचा आणि जायचा. म्हातारा मला टोमणा मारतोय, असं मी समजायचे. मीही काही कमी नव्हते, तो गेल्यावर उगाचच शिक्का जोरात आपटायचे.

मी निवृत्त झाले आणि माझ्या जागी मिरेल्ला आली. तिने महिन्याभरात जुन्या फायली उपसून तो हुकूम रद्द केला. त्सिऊ पेप्पी तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा. नोव्हेंबरमध्ये भिंतीवरून पाहिलं तर गुडघ्यांवर बसून एकेक दाणा मातीत टोचत होता. एप्रिलमध्ये टोपली घेऊन माझ्या दारात हजर.

"घे. चौतीस वर्षं तुझी वाट बघतायत हे. तुला चालतात ना?"

"मला भीती घालताय होय? हा बाप्यांचा रोग."

"कचेरीत तू दहा बाप्यांना भारी होतीस, म्हणून आपलं विचारून घेतलं."

झालं. मला चढली. आमच्या घरात बाकला कधी उंबरा ओलांडून आला नव्हता. लग्नाकार्यात कुणाकडे शिजवलेला चमचाभर खाल्ला असेन, तेवढाच. त्या दिवशी मी पायरीवर बसले, मेंढीच्या चीजचा तुकडा कापला, वाईन ओतली आणि म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा लावून कच्चा बाकला खायला सुरुवात केली. तो मूठभर खाऊन थांबला. उरलेली टोपली मी संपवली. गोड होता, हे कबूल करायला हवं. पोट भरलं होतं तरी मी खात राहिले, कारण समोरचा बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात गेले आणि खाली पाहिलं तर काळी वाईन. आरशात डोळे पिवळे. जिना चढताना धाप लागली. आता शहाण्या बाईने काय केलं असतं? मी काळा चष्मा लावला आणि बाजाराला गेले. म्हटलं, गावाला कळलं तर चौतीस वर्षांची अब्रू जाईल. पावाच्या दुकानासमोर त्सिऊ पेप्पीने मला पाहिलं, चष्मा सरळ माझ्या नाकावरून उचलला आणि टोपी जमिनीवर टाकली.

"अगं मेणबत्ती झालीय तुझी! चल, बस गाडीत."

त्याच्या तीनचाकी टेम्पोत, आर्टिचोकच्या क्रेटशेजारी बसून मी इस्पितळात गेले. वाटेत तो सारखा छातीवर क्रूस काढत होता, त्यामुळे स्टिअरिंगवर कधी एक हात असायचा, कधी तोही नसायचा. मला रोगापेक्षा त्या वळणांचीच जास्त भीती वाटली.

पाच दिवस ठेवून घेतलं. सलाइन, विश्रांती, आणि रक्त तपासायला नळ्यांवर नळ्या. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर उसाई, एक तरतरीत बाई, माझ्या पलंगाशी उभ्या राहून काहीतरी समजावत होत्या. मी ऐकत नव्हते. सुटीच्या कागदावर माझं झेद्दा हे आडनाव (आमच्याकडे बाईचं लग्नानंतरही माहेरचंच राहतं) एका 'द'ने लिहिलं होतं आणि ते दुरुस्त करून घेण्यावरून मी नर्सशी हुज्जत घालत होते.

"समजलं ना, सिन्योरा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सगळं समजलं. तो 'द' तेवढा दोनदा लिहायला सांगा."

घरी येऊन मी कागद मांडून बसले. कागद वाचण्यात माझा हात कोण धरणार! पहिला कागद: हिमोग्लोबिन कमी. ते कळलं, अशक्तपणा. दुसरा: हॅप्टोग्लोबिन, इतकं कमी की यंत्राला मोजता येत नाही. मला केवढा आनंद झाला. साखर कमी असली की चांगलं, कोलेस्टेरॉल कमी असलं की चांगलं, आणि माझं हे हॅप्टो का काय ते तर यंत्रालासुद्धा सापडेना! पुढचे दोन दिवस मी ते भेटेल त्याला सांगितलं. औषधाच्या दुकानातली मुलगी काहीतरी बोलायला गेली, पण तिला मी बोलू दिलं तर ना.

तिसरा कागद महत्त्वाचा. ज्या द्रव्याच्या कमतरतेने माणूस फाविको ठरतो त्याचं माप. पुढे आकडा, आणि आकड्यापुढे ठळक अक्षरात: 'योग्य'.

मी तो कागद घेऊन थेट बारमध्ये गेले. त्सिऊ पेप्पी कोपऱ्यात बसला होता. आठवड्यात दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"हे वाचा. काय लिहिलंय? योग्य! तुमच्या बाकल्याची काय टाप मला लोळवायची! हे काहीतरी यकृताचं दुखणं होतं."

त्याने कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा धरला. "म्हणजे मी तुला मारायला निघालो नव्हतो?"

"छे हो!"

त्याने टोपीने डोळे पुसले आणि सगळ्या बारला वाईन सांगितली. मी तीन पेले घेतले. हिमोग्लोबिन कमी होतं ना.

माझी लेक बोनारिया काल्यारीला असते. अडतिसाव्या वर्षी, दोनदा पदरी निराशा आल्यावर, तिला तेव्हा पाचवा महिना होता. मुलगा आहे, असं कळलेलं. तिच्या डॉक्टरने विचारलं होतं, घराण्यात कुणी फाविको आहे का? तिने मामाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मग आईकडून ते तुमच्याकडे आलंय का ते बघायला हवं. पुढच्या भेटीला येताना आईची काही तपासणी झाली असेल तर घेऊन या. बोनारियाने फोन केला आणि मी, जिने उभ्या जन्मात एकाही अर्जदाराचा अस्पष्ट कागद घेतला नाही, तिने एका हाताने कागद धरून दुसऱ्या हाताने फोटो काढला. खाली लिहिलं: 'आई स्वच्छ. तूही स्वच्छ. बाळही स्वच्छ. बिनधास्त राहा.'

ती भेट व्हायच्या आधीच, मेच्या मध्यावर, बोनारिया आठवडाभर माझ्याकडे आली. तिला डोहाळे कशाचे लागले होते सांगा? लहानपणापासून या घरात जे बघायलाही मिळालं नाही, त्याचे. त्सिऊ पेप्पी शेवटच्या तोडणीचा कोवळा बाकला घेऊन आला. मी त्याला जेवायलाच थांबवलं. टेबलावर मधोमध कच्च्या दाण्यांचा वाडगा आणि चुलीवर डुकराच्या चरबीत शिजणारी पातेली. मी स्वतः वाडगा लेकीपुढे सरकवला. हे मी विसरू शकत नाही, म्हणून लिहून ठेवते. मी स्वतः सरकवला.

बोनारियाने एक दाणा उचलला आणि गालात टाकला. दुसऱ्या हाताने ती त्सिऊ पेप्पीला फोन दाखवत होती.

"बघा त्सिऊ पेप्पी, आमच्या आईची फोटोग्राफी. कागद अर्धा आणि अंगठा अख्खा. नखात माती बघा किती!"

म्हाताऱ्याला दिसावं म्हणून तिने चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. मग हसायची थांबली.

"आई, अंगठ्याखाली काय आहे?"

"अंगठ्याखाली काय असणार? कागद."

"कागदावर काहीतरी छापलंय. नखाच्या वर 'झटक्यानंतर लगेच' एवढं दिसतंय."

फाइल आतल्या कपाटात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे लावलेली. मी कागद घेऊन आले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि खिडकीतल्या माझ्या त्याच खणखणीत आवाजात वाचायला लागले. "'तांबड्या पेशी फुटण्याच्या झटक्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात हे माप योग्य दिसू शकते, विशेषतः स्त्रियांमध्ये. या निकालावर विसंबू नये. तीन ते चार महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. तोवर बाकला...'"

पुढचा शब्द मला वाचता आला नाही. बोनारियाच्या गालात तो दाणा तसाच फुगलेला दिसत होता. ती माझ्याकडे बघत होती आणि तिने एक हात पोटावर ठेवला होता. मी तिच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"थुंक."

तीन वर्षांची असताना कोटाचं बटण तोंडात घातलं होतं तेव्हा थुंकली होती, तशीच अडतीस वर्षांची माझी लेक माझ्या हातात थुंकली. दाणा अख्खा होता. मी तो उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिला, कुठे दात लागलाय का. मग मी खुर्ची नसलेल्या जागी बसले.

त्सिऊ पेप्पी उठला. वाडगा उचलला, चुलीवरची पातेली उचलली, आणि दोन्ही घेऊन मागच्या दाराने निघून गेला. चुलीवरून उतरवलेली पातेली त्याने उघड्या हातांनी धरली होती, हे मला त्याचे फोड पाहून दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघी डॉक्टर उसाईंपुढे बसलो. मी या वेळी तोंड बंद ठेवलं. माझ्या मानाने ते फार होतं.

"सिन्योरा झेद्दा," त्या म्हणाल्या, "बाप्याच्या अंगात सगळ्या पेशी एकजात असतात. बाईच्या अंगात दोन जाती असू शकतात. काही आईकडच्या, काही वडिलांकडच्या. तुमच्या आईकडच्या बहुतेक कमजोर. तुम्ही किती बाकला खाल्लात?"

"टोपलीभर."

"किती?"

"टोपली लहान होती," मी म्हणाले.

"त्या टोपलीने कमजोर पेशी सगळ्या फोडून टाकल्या. नंतर आम्ही रक्त काढलं तेव्हा नळीत कोण आलं? मागे उरलेल्या दणकट आणि नव्याने जन्मलेल्या. त्यांना विचारलं, द्रव्य आहे का? त्या म्हणाल्या, आहे की भरपूर."

आणि मला लख्ख दिसलं. एक्याण्णव सालची जनगणना मी घरोघर फिरून केली होती. निम्मं गाव जर्मनीत आणि जेनोवात पोटापाण्याला गेलेलं. मी अहवालात लिहिलं होतं: 'पाउली मान्ना येथे बेकार कुणी नाही.' मेयरने शाबासकी दिली होती.

"म्हणजे सगळे गाव सोडून गेल्यावर केलेली खानेसुमारी," मी म्हणाले.

डॉक्टर हसल्या. "अगदी तशीच. गेलेले परत भरून येईपर्यंत थांबायचं आणि मग मोजायचं."

"आणि ते हॅप्टो? ते तर किती छान कमी होतं!"

आता बोनारियाने कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की हॅप्टोग्लोबिन म्हणजे झाडूवाले. पेशी फुटून जे सांडतं ते गोळा करून न्यायचं त्यांचं काम. फार सांडलं की सगळे झाडूवाले एकदमच कामी येतात आणि मागे कुणी उरत नाही. "ते सापडलं नाही, याचाच अर्थ तुमच्या रक्तात मोठी पडझड झाली होती. तुम्ही आनंदाने सांगत हिंडलात?"

"औषधाच्या दुकानात, चर्चमध्ये आणि बारमध्ये," बोनारिया म्हणाली.

जुलैच्या शेवटी माझं रक्त पुन्हा काढलं. माप निम्म्यालाही पोचलं नाही. बोनारियाचं त्याच आठवड्यात आलं, तेही माझ्यासारखंच, दोन जातींचं. या खेपेला आम्ही दोघींनी शेवटची ओळ आधी वाचली आणि मग आकडा. सप्टेंबरमध्ये बाळ जन्मलं, सव्वातीन किलोचं, आवाज थेट माझ्यासारखा. नाळेतल्या रक्तावरून दोन दिवसांत कळलं. फाविको. मामासारखाच.

मी रडले. मग मला स्वतःचाच राग आला, कारण बाळ गुलाबी होतं, दूध पीत होतं, आणि आम्हाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर मेमध्ये त्याच्या आईच्या पोटात एक वाडगा बाकला गेला असता, माझ्या हातचा, आणि तिच्याही रक्ताचं आणि पोटातल्या त्याच्याही रक्ताचं काय झालं असतं हे मी आजही पूर्ण मनात आणत नाही.

जावई ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणून बोनारियाने आमच्या शेजारच्या गावच्या शाळेत बदली मागून घेतली आणि बाळाला घेऊन माझ्याकडे राहायला आली. भिंतीपलीकडे त्सिऊ पेप्पीचं शेत नांगरून तयार होतं. ऑक्टोबर लागला होता.

मी पालिकेत गेले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभी राहिले. त्या बाजूने खिडकी फार उंच आहे, टाचा उंचावाव्या लागतात. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मिरेल्लाने बाकलाबंदीचा अर्ज दिला, मीच कधीकाळी तयार केलेला नमुना. मी घाईघाईने भरला आणि आत सरकवला.

मिरेल्लाने तो पाहिला. तिच्या ओठांचे कोपरे हलले. "शेवटची ओळ वाचलीत, त्सिया आंतिओका?"

मागची रांग खो खो हसली. हसणाऱ्यांत तो निळ्या शाईवाला विधुरही होता, आणि त्याचा तो हक्कच होता.

"मोठ्याने वाचा," कुणीतरी ओरडलं.

मी वाचायला तोंड उघडलं आणि सहज मागे पाहिलं. रांगेच्या शेवटी त्सिऊ पेप्पी उभा होता, टोपी हातात. ऑक्टोबर होता ना. वाटलं, कागद घेऊन घरी पळावं. पण वाचलं. "'सदर इसम त्या घरात राहतो आहे तोपर्यंतच हा हुकूम लागू.'"

आता लपवायला अंगठाही नव्हता.

"त्सिऊ पेप्पी," मी म्हणाले, "ही ओळ पहिल्या हुकमातही होती. बोबोरे गेला त्या दिवशी तो हुकूम संपला होता. गावाला मी ओळी वाचायला लावल्या आणि तुम्हाला ही एकाही वर्षी वाचून दाखवली नाही."

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मेयरने मला प्रत दिली होती की. मी अठ्ठ्याऐंशीतच वाचली."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने टोपी हातात एकदा पूर्ण फिरवली. "तुझी आई संध्याकाळी मागच्या भिंतीपाशी येऊन उभी राहायची. रस्त्याकडे बघत. मी समोर बाकला पेरला असता, तर तिला वाटलं असतं, पोरगा आता येत नाही असं गावाने धरलं."

"आणि दरवर्षी येऊन मला विचारायचात ते?"

"काय विचारायचो? बोबोरे कधी येतोय, एवढंच. तुझ्या आईला विचारायची हिंमत नव्हती."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही तो अर्ज चौतीस वर्षं का भरला नाही, हे मला त्या क्षणी कळलं. वेळ मिळाला नाही म्हणून नाही. साल्वातोरे झेद्दा या घरात राहत नाही, असं माझ्या हाताने टाइप करायचं नव्हतं म्हणून.

"पण आई जाऊनही वीस वर्षं झाली," मी नाक ओढत म्हणाले.

"तोवर मला आर्टिचोकची सवय झाली होती," त्सिऊ पेप्पी म्हणाला. रांग पुन्हा हसली आणि मीही हसले, खिडकीला धरून.

तो पुढे आला. अर्ज उचलला, डोळ्यांजवळ नेला. त्याला ते बारीक अक्षर दिसत नव्हतं.

"कुणाच्या नावाने हुकूम निघायचाय?"

"नातवाच्या."

"अगं, नाव काय ठेवलंय?"

"साल्वातोरे."

म्हाताऱ्याने अर्ज खिडकीत परत ठेवला. मग त्याने टोपी डोक्यावर घातली.

"म्हणजे आला एकदाचा बोबोरे," तो म्हणाला. "मग आर्टिचोक लावतो. मी सही कुठे करू?"

"शेजाऱ्याची सही लागत नाही, त्सिऊ पेप्पी," मिरेल्ला म्हणाली.

"मला करायचीय."

मिरेल्लाने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडली आणि निळं पेन त्याच्या हातात दिलं.